फ्रँचायझीचं दुकान उभारताना सगळा भुर्दंड ती घेणाऱ्यानेच का सोसायचा?

मुलुंडकर:
मेहुणा एका स्नॅक्सच्या साखळीची फ्रँचायझी घेतोय, मुलुंड पूर्वेला. करार अजून व्हायचाय. मसुद्यात नकाशा ब्रँडचा, टाइल्स आणि फ्रायर त्यांच्याच व्हेंडरकडून, शेवटचा होकारही त्यांचाच. जागा शोधणं, परवाने, काम वेळेत संपवणं आणि लांबलं तर भाडं, हे सगळं मेहुण्याच्या अंगावर. माझं मत: जो टाइलचा रंगसुद्धा आपल्याला ठरवू देत नाही, त्याने उशिराचा अर्धा भुर्दंड सोसावा.

दादर_पश्चिम:
नाही पटलं. लायसन्स मेहुण्याच्या नावावर निघणार, गल्लाही त्याचाच. महापालिकेचं आरोग्य खातं, एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचा परवाना), गुमास्ता (दुकानाची नोंदणी) यात ब्रँडचा माणूस कशाला धावेल? आणि मुंबईत काम टाइलवर अडत नाही हो, एक्झॉस्टवर, म्हणजे स्वयंपाकघराचा धूर बाहेर काढण्यावर अडतं. खाली गाळा, वर सात मजले बिऱ्हाडं. धुराचा डक्ट गच्चीपर्यंत न्यायचा तर सोसायटीची एनओसी हवी. तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीला लागून जाणार म्हटलं की कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यावर. हे डिपॉझिट देण्याआधी बघायचं असतं, आणि ते ब्रँड बघत नाही.

खवय्या_सीए:
वाद चालू द्या, पण हिशेब नीट करा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, मात्र इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे इंटिरियरच्या कामावर भरलेला १८ टक्के कर परत येत नाही. ब्रँडला नाव वापरण्यापोटी द्यायच्या रॉयल्टीवरचा १८ टक्केही तसाच. ब्रँडने दिलेला गुंतवणुकीचा आकडा करासकट आहे का, हे मेहुण्यांना आजच विचारायला सांगा.

मुलुंडकर:
@दादर_पश्चिम, डक्ट आमच्याकडे, मान्य. पण पाटीचं काय? मुंबईत दुकानाची पाटी देवनागरीत लागते, मराठी अक्षर बाकीच्यांपेक्षा लहान चालत नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा केवढा गाजावाजा झाला! तरी ओळखीतल्या एकाला ब्रँडकडून नुसत्या इंग्रजी लोगोचं डिझाइन आलं. बदल सांगितला, तर ‘डिझाइन टीम बघतेय’. भाडं चालूच.

परळचा_पोरगा:
भाड्याचं सोडा, आगीचं कुणी बोलतच नाहीये. कमला मिलमध्ये डिसेंबर २०१७ ला १४ जण गेले. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने जबाबदारी मालकावर आणि जागा वापरणाऱ्यावर टाकलीय. दर जानेवारी-जुलैत ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, त्यांनीच द्यायचा. ब्रँडच्या नकाशात मागच्या दारासमोर फ्रीझर दाखवला आणि तुम्ही निमूट ठेवलात, तर नोटीस मेहुण्याच्या नावाने येईल. इथे अर्धं-अर्धं चालत नाही.

दादर_पश्चिम:
तेच म्हणतोय. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदाच नाही, सगळी भिस्त १८७२ च्या करार कायद्यावर. कागदावर नाही ते मिळत नाही. अर्धा भुर्दंड कुठलाच ब्रँड लिहून देणार नाही. मागायचंच तर एवढं मागा: नकाशातल्या बदलावर दहा दिवसांत उत्तर, नाहीतर मंजूर धरायचं, आणि किमान रॉयल्टी सहीपासून नव्हे, शटर उघडल्यापासून.

मुलुंडकर:
दहा दिवसांचं कलम घालायला सांगतो. पण फ्रायर त्यांच्याच सक्तीच्या व्हेंडरने महिनाभर लटकवला तर?

दादर_पश्चिम:
गाळामालकाकडून फिटआउटसाठी (दुकानाच्या आतल्या कामासाठी) बिनभाड्याचे दिवस वाढवून घ्या.

मुलुंडकर:
म्हणजे चूक ब्रँडच्या व्हेंडरची आणि सोसायचं गाळामालकाने? तो तरी का ऐकेल?