मदत हवी आहे: वाचनालयाच्या पोस्टना लाइक मिळतात, पण पुस्तकांची देवघेव वाढत नाही

तालुका_वाचनालय:
तालुक्याचं ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालय आहे. फेसबुक पान आहे, व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नव्या पुस्तकांचे फोटो टाकतो, जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या पोस्टही असतात. लाइक येतात, काउंटरवर मात्र फरक नाही आणि सभासद ग्रुप सोडून जातात. कर्मचारी दोनच, रोज फार तर अर्धा तास देता येईल. काय बदलावं?

देवघेव_टेबल:
आधी ग्रुपकडे बघा. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि महिला सभासद बहुतेकदा याच कारणाने बाहेर पडतात. त्यात सुप्रभात आणि फॉरवर्ड सुरू झाले की उरलेले म्यूट करतात. व्हॉट्सॲप कम्युनिटी उघडा आणि फक्त तिचा घोषणा-ग्रुप वापरा. तिथे ॲडमिनच लिहितो आणि सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट यादीच्या भरवशावर राहू नका. एका यादीत 256 जणच बसतात, शिवाय ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याच्यापर्यंत संदेश पोचतच नाही.

खातं कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक मोबाइलवर नको. व्हॉट्सॲप बिझनेस वाचनालयाच्या लँडलाइन नंबरवरही चालतं. पडताळणीच्या वेळी ‘कॉल करा’ निवडलं की कोड फोनवर ऐकू येतो. फेसबुक पानावर पूर्ण अधिकार असलेले दोघं ठेवा, नाहीतर कर्मचारी बदलला की पान अडकतं.

आता मुख्य मुद्दा. ‘नवीन पुस्तके दाखल’ असं लिहून वीस मुखपृष्ठांचा कोलाज टाकला, तर वाचणाऱ्याने पुढे करायचं काय? एका पोस्टमध्ये एकच पुस्तक घ्या. नाव, लेखक, दाखल क्रमांक (नोंदवहीत त्या प्रतीला दिलेला नंबर), कशाबद्दल आहे याच्या दोन ओळी, आणि शेवटी: ‘हवं असल्यास दाखल क्रमांक या नंबरवर पाठवा, 48 तास राखून ठेवू.’ पहिला संदेश येताच पुस्तक कपाटातून काढून सभासद क्रमांकाची चिठ्ठी लावा आणि काउंटरमागे ठेवा. दुसऱ्याला लगेच ‘क्रमांक 2 वर आहात’ असं कळवा. हे उत्तर व्हॉट्सॲप बिझनेसच्या ‘झटपट उत्तरां’मध्ये (क्विक रिप्लाय) साठवून ठेवलं की काम एका मिनिटाचं. पुस्तक राखलं असं सांगून ते कपाटातच राहिलं आणि दुसऱ्याने नेलं, तर तो सभासद पुन्हा विचारणार नाही.

आठवड्याला अशा तीन पोस्ट पुरेत. जयंतीची नुसती प्रतिमा बंद करा. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाची पोस्ट हवीच, पण तिच्यातही पुस्तक आणि दाखल क्रमांक असू द्या.

अक्षरजुळणी:
फोटोबद्दल थोडं. प्लॅस्टिकचं कव्हर घालण्याआधीच फोटो काढा. नंतर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी नेमकी शीर्षकावर येते. खिडकीच्या उजेडात, वरून सरळ. पुस्तक वाचनालयाचं आहे हे ओळखायला ज्या ठरावीक पानावर तुम्ही गुप्त शिक्का मारता, ते पान फोटोत येऊ देऊ नका.

नाव चित्रात असलं तरी मजकुरात देवनागरीत टाइप कराच. व्हॉट्सॲपवर शोधताना टाइप केलेलंच सापडतं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनचं वाचक-ॲपही तेच वाचून दाखवतं.

पूर्ण पुस्तकाची पीडीएफ कुणी मागितली तरी टाकू नका. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. केशवसुतांच्या मूळ कविता (निधन 1905) निर्धास्त द्या, पण नव्या आवृत्तीतल्या प्रस्तावनेचा आणि टिपांचा हक्क वेगळा असतो.

तालुका_वाचनालय:
पुस्तकं थकवणाऱ्यांची यादी ग्रुपवर टाकावी असं कार्यकारिणीत सुचवलं आहे. आणि उपयोग होतोय हे कार्यकारिणीला दाखवायचं कसं?

देवघेव_टेबल:
यादी अजिबात नको. कोण काय वाचतं ही वाचकाची खासगी गोष्ट आहे, थकबाकीच्या यादीतून तीच चव्हाट्यावर येते. आठवण वैयक्तिक संदेशाने द्या, मुदतीच्या दोन दिवस आधी. बालविभागातल्या मुलांचे फोटोही पालकांची लेखी संमती असेल तरच.

उपयोग मोजायला लाइक सोडा. देवघेव नोंदवहीत एक रकाना वाढवा आणि संदेशावरून राखलेलं पुस्तक नेलं की तिथे ‘व्हॉ’ लिहा. महिनाअखेर तीन आकडे काढा: किती राखली, किती नेली, किती 48 तासांत परत कपाटात गेली. तिसरा आकडा फुगला तर आधी तुमची वेळ तपासा. वाचनालय संध्याकाळी सहाला बंद होत असेल, तर नोकरदारांना मुदत रविवार धरून द्यावी लागेल.