सोसायटी ग्रुप, मुलुंड : शिवडीला फ्लेमिंगो बघायला कोण कोण येणार?

बी-७०३ : मंडळी, शिवडीला फ्लेमिंगो आलेत. फोटोची हौस असलेल्यांनी एका रविवारी मिळून जाऊया का? मोबाइल, कॅमेरा, काहीही चालेल. मी एकटा जाऊन भरपूर फोटो काढतो आणि ते हार्ड डिस्कमध्ये पडून राहतात. एकाच जेटीवर उभं राहून तुम्ही प्रत्येक जण काय टिपता, ते मला बघायचंय.

ए-१०२ : मी येते, मुलगीपण येईल. ऊन चढायच्या आत, सकाळी सहाला निघूया?

बी-७०३ : सकाळ नको, वहिनी. शिवडीची जेटी पूर्वेकडे आहे. सकाळी सूर्य समोर येतो आणि पक्षी काळे दिसतात. नुसत्या आकृत्या हव्या असतील तर ते सुंदरच दिसतं, पण पंखांचा गुलाबी रंग हवा असेल तर दुपारी चारनंतर जायचं. तेव्हा ऊन आपल्या पाठीमागे असतं.

डी-४०१ : काका, भरती बघावी लागेल ना? आम्ही गेलो होतो तेव्हा पक्षी लांब चिखलात होते, ठिपके दिसत होते नुसते.

बी-७०३ : सगळं त्यावरच आहे. ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो आणि शेवाळ खात ते पार आत जातात. पाणी चढू लागलं की मागे सरकत सरकत काठाजवळ येतात. पूर्ण भरतीला चिखलच बुडतो, मग उडून जातात. म्हणून भरतीच्या दीड-दोन तास आधी पोचायचं. शिवाय भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते. या रविवारी संध्याकाळी भरती असेल तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला ओहोटी. रविवार चुकला तर थेट दोन आठवड्यांनी.

सी-३०१ : मी अलिबागकडची. आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणतात, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. सकाळी तीच, संध्याकाळीही जवळपास तीच. अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही. नवमी-दशमीचा रविवार बघा.

बी-७०३ : आजी, फार मोलाचं सांगितलंत! दशमीला साडेसात म्हणजे साडेपाचला पक्षी जवळ आणि ऊन सोनेरी. याहून चांगली वेळ नाही.

ए-५०४ : काकांकडे मोठी लेन्स आहे. माझ्या फोनमध्ये काय येणार?

बी-७०३ : अरे, तुझेच फोटो मला जास्त हवेत. ३०० एमएमच्या लेन्समधून मला फक्त पक्षी दिसतो. जेटीवर दुरुस्तीला ओढलेल्या होड्या, त्यांचे रंग, मागे समुद्रात निघालेला अटल सेतू, पक्षी बघणाऱ्यांचे चेहरे, हे सगळं फोनमध्ये येतं. माणसांचे फोटो मात्र विचारून काढायचे. बोटांनी झूम करू नकोस, बऱ्याचदा फोन मधला तुकडाच मोठा करतो आणि तपशील जातो. लेन्स सुती कपड्याने पूस, ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू ठेव. आकाश पांढरं पडलं तर स्क्रीनवर उजेडाच्या जागी बोट टेकव आणि उजेड थोडा खाली ओढ. कॅमेरावाल्यांनी उडणाऱ्या थव्यासाठी शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. फोटोत थोडे दाणे दिसले तर चालतात, हललेला पक्षी नाही.

डी-१०४ : ऐरोलीला बोटीतून दाखवतात ना? आपल्याला जवळ पडेल.

बी-७०३ : तेही करू कधीतरी. पण बोट ठरल्या वेळेत फिरवून आणते. जेटीवर रेंगाळता येतं, एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकावता येतं.

डी-४०१ : आणि नंतर? प्रत्येक जण ग्रुपवर ऐंशी फोटो टाकतो, खाली अंगठे येतात आणि विषय संपतो. मला त्याचा खरंच कंटाळा आलाय.

बी-७०३ : म्हणून एक विनंती. प्रत्येकाने फक्त पाच फोटो द्यायचे. निवडतानाच निम्मं शिकून होतं. ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर फोटो दाबून लहान केला जातो आणि तपशील जातो. डॉक्युमेंटमध्ये फोटो काढल्याचं ठिकाणही जातं, म्हणून घरातले फोटो तसे टाकू नका. मग एका संध्याकाळी सोसायटी ऑफिसच्या टीव्हीवर लावू आणि बोलू. नजर आधी कुठे गेली, काय कापता आलं असतं, हे तोंडावर आणि प्रेमाने सांगायचं. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद. पेशाने डॉक्टर, आणि तेव्हाच्या अवजड कॅमेऱ्याने फोटो काढायचे. आपल्या तर खिशात कॅमेरा आहे!

डी-४०१ : हे जमलं तर मी नक्की. टीव्हीची केबल मी आणतो.

सेक्रेटरी : ऑफिस संध्याकाळी सात ते नऊ देता येईल. निवडलेले फोटो छापून लिफ्टजवळच्या फलकावर लावूया, खर्च कमिटीपुढे ठेवतो.

सी-३०१ : मला जेटीवर खुर्ची लागेल, बाकी सगळं चालतं.

ए-५०४ : आजी, घडीची खुर्ची मी उचलतो.

बी-७०३ : उत्तम. पंचांग बघून रविवार उद्या कळवतो. गेटवर दुपारी तीनला जमू, कुर्ल्याला उतरून हार्बरची लोकल पकडायची. टोपी आणि पाणी घ्या.

ए-१०२ : मुलगी विचारतेय, माझा जुना फोन आणला तर चालेल का?

बी-७०३ : चालेल की! आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा आणि त्यातली जागा मोकळी करून ठेवा.