मदत हवी आहे : रविवार पेठेतील जुन्या विटांच्या व्यापारी इमारतीचे वारसामूल्य

नमस्कार. पुण्याच्या रविवार पेठेत आमच्या कुटुंबाची चुन्यात बांधलेली, तळाला चार गाळे आणि वर वखार असलेली विटांची दुमजली इमारत आहे. मधल्या कमानीतील एका विटेवर ती भाजण्यापूर्वी उमटलेला अंगठ्याचा ठसा अजून स्पष्ट दिसतो. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. चुन्यातून बाहेर पडणारी ओल आत कोंडली, लोणा लागला (म्हणजे विटांवर क्षार फुटले) आणि आता रोज सकाळी उंबऱ्यापाशी लाल भुगा साचतो.

भाऊबंदांचा कल पुनर्विकासाकडे आहे. महापालिकेच्या वारसा यादीत इमारत नाही. वारसा म्हणजे वाडे आणि देवळेच, असे घरात ऐकवले जाते. पण १८८६ मध्ये सुरू झालेली आपली महात्मा फुले मंडईही बाजाराचीच वास्तू आहे ना?

यादीत समावेशासाठी अर्ज कसा करावा, सिटी सर्व्हेच्या उताऱ्याखेरीज कोणते पुरावे जोडावेत, आणि विटांना इजा न करता हा गिलावा उतरवून चुन्याचे काम करणारे अनुभवी कारागीर पुण्यात कुठे भेटतील, हे कृपया कळवावे. यादीत वारसा श्रेणी मिळाल्यावर गाळ्यांच्या भाडेकरूंना दुरुस्तीत कोणती बंधने येतात, हेही जाणकारांनी सांगावे. पावसाळ्यापूर्वी निर्णय घ्यायचा आहे.