मदत हवी आहे: सीडरच्या सायडिंगला ऑइल स्टेन द्यावा की लेटेक्स?

नमस्कार मंडळी, आम्ही सिएटलजवळ राहतो. घराला बाहेरून सीडरच्या लाकडी फळ्यांचं सायडिंग आहे, त्यावर जुना ऑइल स्टेन, म्हणजे तेलात कालवलेला लाकडाचा रंग. दक्षिणेची भिंत उन्हाने करडी पडलीय. पाणी शिंपडलं की लाकूड लगेच पिऊन टाकतं. उत्तरेची बाजू मात्र सावलीत, कायम दमट, शेवाळ धरलेली. ऑक्टोबरचा पाऊस लागायच्या आत काम उरकायचं आहे.

माझा कल ऑइलकडे आहे. ते लाकडात मुरतं, सहसा पोपडे धरत नाही, पुढच्या वेळी भिंत धुऊन वाळवून नवा हात देता येतो. पण त्यात बरेचदा जवसाचं तेल असतं आणि त्यावर बुरशी पोसते, म्हणून उत्तरेच्या भिंतीची धास्ती वाटते. लेटेक्सचा, म्हणजे पाण्यात कालवलेल्या आणि लाकडावर थर धरणाऱ्या स्टेनचा, रंग उन्हात जास्त टिकतो, पण सीडरमधलं टॅनिन (लाकडातलं डाग पाडणारं नैसर्गिक द्रव्य) वर येऊन तपकिरी डाग पडू शकतात, आणि पापुद्रे सुटले की सगळं खरवडणं आलं. शिवाय इतक्या सुंदर लाकडाच्या रेषा झाकायचं मनच होत नाही.

अशा पावसाळी भागात कोणी जुन्या ऑइलवर लेटेक्स दिलंय का? आधी ऑइल प्रायमर (रंगाआधीचा तेलाचा अस्तर-हात) लावला होतात का? किती वर्षं टिकलं? दोन भिंतींना दोन वेगळे स्टेन दिले तर चालेल का? फोटो असतील तर जरूर टाका.