लांत्सकोरोन्स्की : फक्त संग्राहक नव्हे

पोलिश काउंट कारोल लांत्सकोरोन्स्की (१८४८–१९३३) यांना नुसतं 'चित्रं जमवणारा श्रीमंत सरदार' म्हणणं अपुरं आहे. १८८४-८५ मध्ये त्यांनी स्वखर्चाने दक्षिण तुर्कस्तानात मोहीम नेली. वास्तुरेखाटनाला नीमान, पुरातत्त्वाला पेटरसन, छायाचित्रणाला लुशान; शिवाय तरुण चित्रकार यात्सेक माल्चेव्स्की. पेर्गे, आस्पेंदोस, तेर्मेसोस, सागालास्सोस या प्राचीन शहरांच्या अवशेषांचे नकाशे आणि वर्णन १८९० व १८९२ मध्ये दोन खंडांत छापलं. माझ्या मते हेच त्यांचं सर्वांत मोठं काम.

दुसरं, त्यांच्या संग्रहातली डच चित्रकार रेम्ब्रांची १६४१ची दोन चित्रं त्यांनी विकत घेतली, असं कुणी म्हटलं तर तेही बरोबर नाही. ती पोलंडचा शेवटचा राजा स्तानिस्लाव आउगुस्त याच्या संग्रहातली होती आणि पुढे लांत्सकोरोन्स्की घराण्यात वारशाने आली होती. नाझींनी व्हिएन्नातला संग्रह जप्त केला, नंतर काही चित्रं आगीत गेली. ही दोन्ही वाचली. लांत्सकोरोन्स्कींच्या कन्या कारोलिना यांनी ती १९९४ मध्ये वॉर्साच्या राजवाड्याला दिली. बराच काळ ती रेम्ब्रांचीच का, असा वाद होता. त्यांतल्या 'चौकटीतली मुलगी' या चित्राच्या क्ष-किरण तपासणीत खाली एका बसलेल्या स्त्रीचं अर्धवट चित्र दिसलं. २००६ मध्ये रेम्ब्रांचे अभ्यासक व्हान द वेटरिंग यांनी दोन्ही चित्रं अस्सल ठरवली.