मदत हवी आहे: मुलीची कॉलेजची फी टॅक्समध्ये कोणी दाखवायची, मी की मिस्टरांनी?

नमस्कार मंडळी, मुलगी यंदा पुण्यात इंजिनिअरिंगला लागली, पहिल्या वर्षाची फी भरली पण टॅक्सचं डोक्यात बसत नाहीये. पावतीवर ट्युशन फी १,१२,०००, डेव्हलपमेंट फी १५,००० आणि हॉस्टेलचे ६५,००० वेगळे. ८०सी मध्ये (टॅक्समध्ये सूट देणारं कलम) फक्त ट्युशन फी धरतात, डेव्हलपमेंट, हॉस्टेल, डोनेशन काही धरत नाहीत, एवढं मला माहितीये.

आता अडचण अशी की ८०सी ची मर्यादा दीड लाख आणि माझ्या पगारातून पीएफचेच ८४,००० जातात, म्हणजे ६६,००० ची जागा उरली. मिस्टरांकडे पीएफ आणि एलआयसी धरून ७२,००० ची जागा आहे. दोघंही जुन्या टॅक्स रेजीममध्येच (जिथे या सवलती मिळतात) आहोत, होमलोन आहे ना. पण फी पूर्ण माझ्या अकाउंटमधून गेलीये आणि पावती मुलीच्या नावाने, मग उरलेले ४६,००० मिस्टर दाखवू शकतात का, की ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानेच दाखवायचे? पुढचा हप्ता त्यांच्या खात्यातून भरला तर चालेल ना?

अजून एक, पुढच्या वर्षी एज्युकेशन लोन घ्यायचा विचार चाललाय कारण ८०ई मध्ये व्याजाला मर्यादा नाही, आठ वर्षं मिळतं म्हणे, पण मुद्दलावर काहीच नाही, आणि लोन तिच्या नावावर असेल नि हप्ते आम्ही भरले तर सूट कोणाला? ऑफिसात प्रूफ द्यायची तारीख जवळ आलीये, कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज नीट सांगा.