देशी कुत्रीला मैदानात पट्टा काढून सोडायचं आहे, कधी सोडू? मदत हवी आहे

आमची मिठू, देशी, वय 14 महिने, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, रेबीजची लस वेळेवर. राहतो नागपुरात, त्रिमूर्तीनगरकडे. सध्या 45 अंशांच्या उन्हामुळे फिरणं फक्त पहाटे साडेपाचला, लेआउटमधल्या मैदानात. मैदानाला तीन बाजूंनी भिंत आहे, चौथी बाजू थेट रस्त्यावर उघडी.

दोन महिन्यांपासून 10 मीटरची सुती दोरी बांधून "मिठू, ये" शिकवतो आहे. आली की उकडलेल्या कलेजीचा तुकडा. घरात, गच्चीवर शंभर टक्के येते. मैदानात दहापैकी आठदा. उरलेल्या दोनदा खार दिसलेली असते, मग मी बाप्पा कितीही ओरडलो तरी कान नुसता मागे वळतो, पाय नाही. मागच्या आठवड्यात दोरी हातातून सुटली आणि ती सरळ रस्त्याकडे. दूधवाल्याने गाडीचा ब्रेक दाबला म्हणून वाचली. तळहाताची साल अजून भरली नाही.

शिट्टी वापरून पाहिली, गल्लीतली बाकीची कुत्रीच गोळा झाली. शॉक देणारा पट्टा नको, कृपया सुचवू नका. ट्रेनरचं महिन्याचं पॅकेज सध्या परवडत नाही.

गल्लीतल्या चार कुत्र्यांशी तिचं जमतं, पण सकाळी पोट्टे क्रिकेटला येतात, त्यांच्या चेंडूमागे ती हमखास धावते.

ज्यांनी देशी कुत्रं स्वतः शिकवून मोकळं सोडलं आहे त्यांना विचारायचं आहे: खार किंवा चेंडू समोर असताना लांब दोरीवर सलग किती दिवस न चुकता आली, तेव्हा तुम्ही दोरी काढली? आणि पश्चिम नागपुरात पहाटे जाता येईल असं चारही बाजूंनी बंद मैदान कुठे आहे का?